चिनूक: अठरा वर्षांत सुटलेला खेळ

१९ जुलै २००७ रोजी ‘सायन्स’ या नियतकालिकाने कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या आठ संशोधकांचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्याचा निष्कर्ष एका ओळीत मावणारा होता: चेकर्स या खेळात दोन्ही बाजूंनी एकही चूक केली नाही, तर डाव बरोबरीत सुटतो. मुरलेल्या खेळाडूंना हे कित्येक दशके आधीपासून जाणवत होते, त्यामुळे निष्कर्षात धक्का बसण्यासारखे काही नव्हते. परंतु एखादी गोष्ट जाणवणे आणि ती सिद्ध होणे यांत मोठे अंतर असते, आणि एडमंटन शहरातील प्राध्यापक जोनाथन शेफर व त्यांच्या सहकाऱ्यांना ते अंतर कापण्यासाठी १९८९ पासून २००७ पर्यंतचा काळ लागला.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या क्षेत्रात ज्यांच्याबद्दल ‘काम पूर्ण झाले’ असे निःशंकपणे म्हणता येईल असे प्रकल्प फार थोडे आहेत. बहुतेक प्रकल्पांची पुढची आवृत्ती येते आणि मागची विस्मरणात जाते. शेफर यांचा चेकर्सवरचा हा प्रकल्प, चिनूक, मात्र सुरुवातीपासून शेवटापर्यंत तपासता येतो, आणि तपासताना असे दिसते की तो सरळ रेषेत पुढे गेलेला नाही. त्याचे उद्दिष्ट मध्येच बदलले, काही वर्षे मोजणी जाणीवपूर्वक थांबवली गेली, आणि सात वर्षे खपून केलेले एक काम पुढे अवघ्या एका महिन्यात नव्याने करून झाले. चिकाटीचे नुसते कौतुक करून अशा प्रकरणातून फारसे हाती लागत नाही. त्या चिकाटीतला कोणता भाग कामाला आला आणि कोणता आला नाही, हे पाहणे अधिक उपयोगाचे आहे.

खेळ आणि त्याबद्दलचा जुना गैरसमज

चेकर्स, म्हणजे इंग्लंडमध्ये ज्याला ड्राफ्ट्स म्हणतात तो खेळ, बुद्धिबळाच्याच पटावर खेळतात, पण केवळ ३२ काळ्या घरांवर. प्रत्येकाकडे १२ सोंगट्या असतात आणि त्या तिरप्या पुढे सरकतात. वाघबकरीतला वाघ जशी बकरीवरून उडी घेतो तशी प्रतिस्पर्ध्याच्या सोंगटीवरून उडी घेऊन ती मारायची असते, आणि मारण्याची संधी असेल तर मारावेच लागते. शेवटच्या ओळीत पोहोचलेली सोंगटी राजा होते व मागेही चालू शकते. नियम दहा मिनिटांत शिकून होतात. तरीही पटावर संभवणाऱ्या वेगवेगळ्या स्थितींची संख्या ५ वर २० शून्ये इतकी भरते. सेकंदाला दहा लाख स्थिती तपासणारे यंत्र अखंड चालवले तरी त्या सर्व पाहून होण्यास दीड कोटी वर्षांहून अधिक काळ लागेल.

संगणकाच्या इतिहासात या खेळाला आधीपासूनच मानाचे स्थान होते. आयबीएममधील आर्थर सॅम्युअल यांनी १९५० च्या दशकात चेकर्स खेळणारा आणि खेळाखेळातून स्वतःत सुधारणा करणारा प्रोग्रॅम लिहिला. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निबंध यंत्र-शिक्षणाच्या अगदी आरंभीच्या निबंधांत मोजला जातो. १९६२ मध्ये या प्रोग्रॅमने रॉबर्ट नीली या खेळाडूला एका डावात हरवले आणि त्या एका डावाची बातमी तिच्या वकुबापेक्षा फार मोठी झाली. नीली चांगले खेळाडू होते, पण पहिल्या फळीतले नव्हते. पुढे १९६६ मध्ये वॉल्टर हेलमन आणि डेरेक ओल्डबरी या खऱ्या अव्वल खेळाडूंपुढे तोच प्रोग्रॅम सर्वच्या सर्व आठ डाव हरला. ही बातमी मात्र कोणाच्या लक्षात राहिली नाही. चेकर्स हा संगणकाने ‘जिंकलेला’ खेळ आहे असा समज रूढ झाला, पाठ्यपुस्तकांतही शिरला, आणि संशोधकांचे लक्ष बुद्धिबळाकडे वळले. एका विजयाच्या गाजावाजामुळे एक चांगला प्रश्न पंचवीसएक वर्षे अडगळीत पडून राहिला. आज अशा बातम्या दर आठवड्याला येत असताना हा तपशील मुद्दाम नोंदवावासा वाटतो.

चार अंगे, एक कारागिरी

शेफर मूळचे बुद्धिबळाच्या प्रोग्रॅमवर काम करणारे. त्यांचा ‘फिनिक्स’ हा प्रोग्रॅम १९८६ च्या संगणक बुद्धिबळ विश्वविजेतेपद स्पर्धेत संयुक्त पहिल्या स्थानावर होता. मात्र त्या क्षेत्रात मोठ्या कंपन्यांची खास बनवलेली यंत्रे उतरू लागली होती आणि विद्यापीठातील एका गटाला त्यांच्याशी टक्कर देणे अवघड होत चालले होते. १९८९ मध्ये त्यांनी चेकर्स हाती घेतला आणि रॉकी पर्वताच्या पूर्व उतारावर वाहणाऱ्या कोरड्या, उबदार वाऱ्याचे नाव प्रोग्रॅमला दिले.

चिनूकची चार अंगे होती. पहिले अंग शोधाचे: समोरच्या स्थितीपासून पुढच्या चालींच्या शाखा-उपशाखा तपासत जाणे. दुसरे मूल्यमापनाचे: शोध जिथे थांबतो तिथली स्थिती कोणाला कितपत अनुकूल आहे, याचा अंदाज आकड्यात मांडणे. सोंगट्यांची संख्या, राजांची संख्या, कोंडलेले राजे, अडवणूक न होता शेवटच्या ओळीकडे धावू शकणारी सोंगटी, अशा कित्येक घटकांना वजन देऊन हा आकडा काढला जाई, आणि ही वजने चेकर्सचे जाणकार नॉर्मन ट्रेलोर यांच्या मदतीने हातानेच ठरवली आणि बदलली जात. गमावलेला किंवा कसाबसा वाचवलेला डाव पुन्हा मांडायचा, अंदाज कोठे चुकला ते शोधायचे, वजन थोडे हलवायचे, आणि त्या बदलाने दुसरीकडे काही बिघडले नाही ना हे पाहायचे, असे ते काम होते. तिसरे अंग डावाच्या सुरुवातींच्या संग्रहाचे. इंग्लंडमधील मार्टिन ब्रायंट यांच्या ‘कोलोसस’ या प्रतिस्पर्धी प्रोग्रॅमचा असा संग्रह अधिक समृद्ध होता, आणि शेफर यांनी आपल्याकडील, डावाच्या शेवटच्या स्थितींच्या डेटाबेसच्या बदल्यात तो मिळवला. प्रतिस्पर्ध्यांमधला हा व्यवहार दोघांनाही फायद्याचा ठरला.

चौथे अंग डावाच्या शेवटाचे, आणि पुढची सगळी कथा त्याच्याभोवती फिरते. पटावर मोजक्याच सोंगट्या उरल्या असतील, तर अंदाज करण्याची गरजच राहू नये, अशी यामागची कल्पना होती. त्यासाठी मोजणी उलट्या दिशेने करतात. ज्या स्थितीत एखाद्या बाजूला चालच उरलेली नाही, तिथे ती बाजू हरलेली असते, आणि तिथून मागे येत, कोणत्या स्थितीतून त्या स्थितीला हमखास पोहोचता येते हे ठरवत जायचे. अशा रीतीने प्रत्येक स्थितीवर जिंकलेली, हरलेली किंवा बरोबरीची असा शिक्का बसतो, आणि तो शिक्का कोणाचे मत नसतो. आधी दोन सोंगट्यांचे सर्व डाव, मग तिनांचे, मग चारांचे. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी असल्यामुळे मधली गाळून पुढे जाता येत नाही आणि प्रत्येक पायरी मागच्यापेक्षा दहापटींहून मोठी होत जाते. सहा सोंगट्यांच्या स्थिती सुमारे २५० कोटी, सातांच्या सुमारे ३,४८० कोटी, आठांच्या सुमारे ४०,६०० कोटी. विद्यापीठातील संगणक यासाठी अपुरे पडत, म्हणून कॅलिफोर्नियातील लॉरेन्स लिव्हरमोर राष्ट्रीय प्रयोगशाळेतील समांतर संगणकाचीही मदत घेतली गेली. आठ सोंगट्यांपर्यंतचा हा डेटाबेस पूर्ण होण्यास १९८९ ते १९९६ अशी सात वर्षे गेली.

टिन्सली

त्या काळी चेकर्समध्ये सर्वोत्तम कोण, याबद्दल मतभेद नव्हता. मॅरियन टिन्सली हे फ्लोरिडातील गणिताचे प्राध्यापक आणि धर्मोपदेशकही होते. १९५० पासून पुढच्या चार दशकांत त्यांनी गमावलेले डाव हाताच्या बोटांवर मोजता आले असते. त्यांच्यासमोर बसणारे खेळाडू जिंकण्याचा विचारच करीत नसत, निमूटपणे बरोबरी साधण्याची धडपड करीत. अशा माणसाला चिनूकसारखा, न घाबरता जिंकायला खेळणारा प्रतिस्पर्धी आवडला, यात नवल नाही.

१९९० मध्ये मिसिसिपी राज्यातील टुपेलो येथे झालेल्या अमेरिकन राष्ट्रीय स्पर्धेत चिनूक टिन्सलींच्या मागोमाग दुसरा आला, आणि स्पर्धेच्या नियमानुसार विश्वविजेत्याला आव्हान देण्याचा हक्क त्याला मिळाला. अमेरिकन आणि इंग्लिश संघटनांनी यंत्राशी होणाऱ्या विजेतेपदाच्या सामन्याला मान्यता नाकारली. त्यावर टिन्सलींनी स्वतःचे विजेतेपदच सोडून दिले आणि आपण चिनूकशी खेळणार असल्याचे जाहीर केले. अखेर संघटनांनी माणूस-यंत्र विश्वविजेतेपद असा नवा किताब निर्माण करून तिढा सोडवला.

१९९० च्या अखेरीस एडमंटनमध्ये या दोघांचा १४ डावांचा प्रदर्शनी सामना झाला. तेरा डाव बरोबरीत सुटले आणि एक टिन्सलींनी जिंकला. त्या एका डावात चिनूकने दहावी चाल खेळताच टिन्सली म्हणाले की या चालीचा तुम्हाला पश्चात्ताप होईल. प्रोग्रॅमचे स्वतःचे आकडे त्यानंतरही बराच वेळ आपली स्थिती बरी असल्याचे सांगत राहिले, आणि छत्तिसाव्या चालीला शेफर यांना हार मान्य करावी लागली. टिन्सलींना जे दहाव्या चालीला दिसले, ते यंत्राच्या मूल्यमापनाला कितीतरी उशिरा कळले. हाताने बसवलेल्या वजनांची मर्यादा याहून स्पष्टपणे कोणी दाखवून दिली नसती.

ऑगस्ट १९९२ मध्ये लंडनमध्ये विजेतेपदाचा पहिला सामना झाला. टिन्सलींनी ४ डाव जिंकले, चिनूकने २, आणि ३३ डाव बरोबरीत सुटले. चिनूकच्या पराभवांपैकी एक पराभव पटावर झालाच नव्हता. तांत्रिक बिघाडामुळे तो डाव सोडून द्यावा लागला होता. निकाल टिन्सलींच्या बाजूने गेला, तरी त्यांच्याविरुद्ध विजेतेपदाच्या सामन्यात दोन डाव जिंकणारा प्रतिस्पर्धी त्याआधी कोणी पाहिला नव्हता.

दुसरा सामना ऑगस्ट १९९४ मध्ये बॉस्टनच्या संगणक संग्रहालयात सुरू झाला. तोवर डेटाबेस वाढला होता, यंत्र वेगवान झाले होते आणि प्रोग्रॅम आधीपेक्षा खूपच भक्कम होता. पहिले सहा डाव बरोबरीत सुटले. मग टिन्सलींच्या पोटात दुखू लागले आणि त्यांनी सामना सोडला. तपासणीत स्वादुपिंडाचा कर्करोग असल्याचे निष्पन्न झाले. किताब चिनूककडे गेला. त्यांच्या जागी बसलेल्या डॉन लॅफर्टी यांच्याशी झालेला २० डावांचा सामना प्रत्येकी एक विजय आणि १८ बरोबरी असा सुटला, आणि १९९५ च्या जानेवारीतील ३२ डावांचा पुढचा सामना चिनूकने एका डावाने जिंकला. ३ एप्रिल १९९५ रोजी टिन्सली वारले.

माणसांच्या खेळात विश्वविजेतेपद मिळवणारा पहिला संगणक प्रोग्रॅम म्हणून चिनूकची नोंद झाली. पण सर्वश्रेष्ठ माणसापेक्षा यंत्र सरस खेळू शकते का, या ज्या प्रश्नासाठी प्रकल्प उभारला होता, त्याचे उत्तर मिळाले नव्हते आणि आता खेळून ते मिळण्याचा मार्गही उरला नव्हता. टिन्सली निरोगी असते तर काय झाले असते, हा आक्षेप चेकर्सच्या वर्तुळात घेतला गेला, आणि त्याला खोडून काढणारा पुरावा कोणाकडेच नव्हता.

उद्दिष्टाची अदलाबदल

येथे प्रकल्प गुंडाळता आला असता, आणि तसे केल्यास कोणी दोष दिला नसता. किताब हाती होता. लॅफर्टींवरचा विजय होता. १९९७ च्या मे महिन्यात आयबीएमच्या ‘डीप ब्लू’ने बुद्धिबळात गॅरी कास्पारोव्हला हरवले आणि जगाचे लक्ष तिकडे गेले, चेकर्सकडे पाहण्याइतका वेळ कोणाकडे नव्हता. शेफर यांनी चिनूकला स्पर्धांतून निवृत्त केले, परंतु प्रश्न सोडला नाही, तो बदलून घेतला. सर्वश्रेष्ठ माणसापेक्षा सरस खेळणे या उद्दिष्टाच्या जागी आता खेळाचीच उकल करणे हे उद्दिष्ट आले. डावाच्या आरंभापासून अचूक खेळल्यास निकाल काय, हे एकदा सिद्ध झाले तर समोर कोण बसला आहे, याला अर्थ उरणार नव्हता.

माझ्या मते या प्रकल्पातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच. तो प्रतिष्ठेसाठी घेतलेला म्हणता येईल, टिन्सलींच्या सावलीतून बाहेर पडण्याची धडपड त्यात दिसते असेही म्हणता येईल, आणि दोन्हीत तथ्य असू शकते. तरी त्याचा परिणाम असा झाला की यशाची कसोटी प्रतिस्पर्ध्याच्या तब्येतीवर, लोकप्रियतेच्या लाटेवर किंवा वृत्तपत्रांच्या मथळ्यांवर अवलंबून राहिली नाही. माणसाशी तुलना करून यंत्राची पातळी सांगणे सोपे असते आणि ऐकणाऱ्यालाही ते पटकन कळते, पण अशा तुलनेला ज्या गोष्टींचा आधार असतो, त्या संशोधकाच्या ताब्यात नसतात, हे १९९४ च्या बॉस्टनने दाखवून दिले होते.

मात्र नव्या उद्दिष्टासाठी लागणारी साधने त्या वेळी उपलब्ध नव्हती. आठ सोंगट्यांच्या पुढे जायचे तर मेमरी, साठवण आणि ३२ बिटांच्या यंत्रांच्या मर्यादा आड येत होत्या. तेव्हा १९९७ मध्ये मोजणी थांबवली गेली आणि २००१ पर्यंत ती बंद होती. या विरामाकडे प्रकल्पाच्या कथेत सहसा दोन ओळींपेक्षा जास्त लक्ष दिले जात नाही. वास्तविक चालू ठेवण्याचा मोह मोठा असतो. अपुऱ्या यंत्रांवर रखडत राहिले की काम चालू असल्याचे समाधान मिळते आणि वार्षिक अहवालात लिहायला मजकूरही मिळतो. अडथळा आपल्या प्रयत्नांत नसून यंत्राच्या क्षमतेत आहे, हे ओळखून हात बाजूला ठेवणे हाही नियोजनाचाच भाग होता.

सात वर्षे आणि एक महिना

२००१ मध्ये काम पुन्हा सुरू झाले, तेव्हा संशोधकांनी जुना डेटाबेस पुढे वाढवण्याऐवजी तो पहिल्यापासून पुन्हा मोजला. ज्या आठ सोंगट्यांच्या पायरीला पूर्वी सात वर्षे लागली होती, ती एका महिन्यात झाली.

यावरून एक अडचणीचा प्रश्न उभा राहतो आणि तो टाळून या प्रकरणाचा अभ्यास होऊ शकत नाही. तीच मोजणी बारा वर्षांनी एका महिन्यात होणार होती, तर आधीची सात वर्षे वाया गेली का? हिशेबाने पाहिले तर मोजलेले आकडे खरोखरच बदलण्याजोगे होते. त्यातला एकही आकडा असा नव्हता जो नंतर स्वस्तात मिळाला नसता. १९९२ आणि १९९४ च्या सामन्यांसाठी त्यांचा उपयोग झाला, हे खरे. परंतु अंतिम सिद्धतेच्या दृष्टीने त्यांची गरज नव्हती.

जे पुन्हा विकत घेता येत नव्हते, ते त्या मोजणीसोबत आले. एवढ्या स्थितींवर बसलेले शिक्के कमी जागेत कसे दाबून ठेवायचे आणि खेळताना क्षणात कसे उलगडायचे, हे सात वर्षांत शिकून झाले होते. पुढे पूर्ण झालेल्या दहा सोंगट्यांपर्यंतच्या डेटाबेसमध्ये ३९ लाख कोटी स्थिती आहेत आणि तो २३७ गिगाबाइटमध्ये बसवलेला आहे. म्हणजे सरासरीने एका बाइटमध्ये १५४ स्थिती. महिनोन्‌महिने चालणाऱ्या मोजणीत यंत्राच्या किंवा साठवणीच्या दोषामुळे एखादा आकडा बिघडू शकतो आणि प्रत्येक पायरी मागच्या पायरीवर उभी असल्याने तो बिघाड वर चढत जातो. म्हणून डेटाबेसची अंतर्गत सुसंगती पुन्हा पुन्हा तपासण्याची शिस्तही त्यांनी लावून घेतली होती. २००१ ची यंत्रे घेऊन एखादा नवखा गट बसला असता, तर त्यालाही महिना पुरला असता असे मला वाटत नाही.

हाताने बसवलेल्या त्या वजनांचेही असेच झाले. सिद्धतेत अंदाजाला स्थान नसते, तेव्हा ट्रेलोर यांच्याबरोबर केलेली ती सगळी मेहनत आता निरुपयोगी झाली असावी असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात तिला नवे काम मिळाले. सिद्धता उभारताना कोणती शाखा आधी तपासावी आणि कोणती मागे ठेवावी, याचा कौल जुन्या चिनूकच्या मूल्यमापनाकडून घेतला जात असे. खेळताना अंदाज चुकला तर डाव जातो. येथे तो चुकला तर फक्त वेळ जातो, निकालाला धक्का लागत नाही. १९९० मध्ये टिन्सलींपुढे जे मूल्यमापन उघडे पडले होते, त्याला अखेर अशी जागा सापडली जिथे त्याचा उपयोग होता आणि त्याच्या चुकांपासून धोका नव्हता. मुळात कोणी अशी योजना केली नव्हती. पण ते ज्ञान प्रोग्रॅममध्ये जपून ठेवले गेले नसते, तर ही वाट उघडली नसती.

दोन टोकांकडून

२००५ मध्ये दहा सोंगट्यांचा डेटाबेस पूर्ण झाला. आता डावाच्या कोणत्याही शाखेत सोंगट्या मारल्या जाऊन दहापर्यंत आल्या, की पुढचा निकाल ठाऊक असे. उरले ते पहिल्या चालीपासून त्या सीमेपर्यंतचे अंतर, म्हणजे चोवीस सोंगट्यांपासून दहांपर्यंत. त्यासाठी दोन कामे वेगळी केली गेली. एक व्यवस्थापक प्रोग्रॅम सिद्धतेचे झाड, म्हणजे चालींच्या शाखांचा आराखडा, सांभाळी आणि पुढे कोणती स्थिती तपासायची ते ठरवी. अनेक संगणक त्या स्थिती वाटून घेऊन सोडवत आणि उत्तरे परत पाठवत. याआधी, १९९० च्या दशकात, प्रकल्पासाठी एका वेळी २०० हून अधिक संगणक कामाला लागलेले असत; प्रकल्पाच्या सगळ्या काळाची सरासरी पन्नासच्या आसपास येते.

स्पर्धात्मक चेकर्समध्ये पहिल्या तीन चाली चिठ्ठी काढून ठरवतात, कारण मोकळीक दिल्यास बरोबरींचा सुकाळ होतो. अशा सुरुवाती सुमारे ३०० आहेत. त्यांतील अनेक एकमेकींकडे वळतात, काही तर दुसरीचा निकाल लागल्यावर आपोआप अनावश्यक ठरतात, आणि शेवटी केवळ १९ सुरुवाती सोडवून मूळ प्रश्नाचे उत्तर मिळत होते. पहिली सुटली ती ‘व्हाइट डॉक्टर’ या नावाने खेळाडूंना परिचित असलेली. २९ एप्रिल २००७ रोजी शेवटची शाखा बंद झाली.

येथे नेमके काय सिद्ध झाले, हे नेमकेपणाने सांगितले पाहिजे, कारण ‘खेळ सुटला’ या शब्दांतून नको तेवढा अर्थ काढला जातो. आरंभीच्या मांडणीपासून निकाल बरोबरी आहे आणि तो गाठण्यासाठी कोणत्या चाली पुरेशा आहेत, एवढे सिद्ध झाले. पटावर संभवणाऱ्या हरेक स्थितीचा निकाल ठाऊक आहे, असा त्याचा अर्थ नाही. सिद्धतेत तपासल्या गेलेल्या स्थिती १ वर १४ शून्ये इतक्या होत्या, म्हणजे एकूण स्थितींपैकी पन्नास लाखांत एक. उरलेल्या स्थितींकडे न पाहताही उत्तर पक्के आहे, कारण अचूक खेळणारा त्या स्थितींमध्ये जातच नाही किंवा दुसऱ्या बाजूने तिथे जाण्याचा उपयोग नसतो. ‘सगळे आकडे कुटून काढले’ असे या कामाचे वर्णन करणाऱ्यांनी हे प्रमाण विचारात घ्यावे. यंत्राच्या बळाशिवाय हे झाले नसते, पण काय पाहायचे नाही हे ठरवण्यातच बहुतेक बुद्धी खर्ची पडली होती.

उजवी आणि डावी बाजू

चिनूकवरचा रास्त आक्षेप वेगळाच आहे. त्याला चेकर्सखेरीज काही येत नाही, आणि चेकर्सही त्याने स्वतः शिकलेला नाही. सॅम्युअल यांच्या प्रोग्रॅममध्ये अनुभवातून शिकण्याचा जो धागा होता, तो शेफर यांच्या गटाने वजने आपोआप ठरवण्याचे प्रयत्न करूनही मुख्य वाट म्हणून धरला नाही. हातच्या कामाने अधिक भरवशाचे फळ मिळत होते, आणि १९९० च्या दशकातील यंत्रांवर ती निवड समंजस होती. पण पुढच्या काळात याच क्षेत्राला कलाटणी मिळाली ती शिकणाऱ्या यंत्रांमुळे. २०१६ मध्ये सोल येथे गो या पटावरील खेळातले अव्वल खेळाडू ली सेडोल यांना हरवणारा ‘अल्फागो’ हा प्रोग्रॅम ज्या पद्धतीने घडवला गेला, ती चिनूकच्या पद्धतीहून मुळातच निराळी होती: मूल्यमापनाची वजने कोणी जाणकार बसवत नव्हता, लाखो डावांतून ती यंत्रच ठरवत होते. त्या यंत्राची खेळाची ताकद अफाट, पण गो या खेळाचा निकाल काय आहे, याचे उत्तर ते देऊ शकत नाही. चिनूकची व्याप्ती चिमूटभर असली, तरी त्या चिमटीत शंकेला जागा नाही.

या दोन वाटा एकमेकींपासून समजल्या जातात तितक्या दूरही नाहीत. २००७ च्या निबंधाचे एक सहलेखक मार्टिन म्युलर यांच्या मार्गदर्शनाखाली अल्बर्टा विद्यापीठात आजा हुआंग यांनी डॉक्टरेटनंतरचे संशोधन केले. सोलमध्ये अल्फागोच्या वतीने पटावर सोंगट्या ठेवणारे ते हेच. अल्फागोचे प्रमुख संशोधक डेव्हिड सिल्व्हर यांचीही डॉक्टरेट त्याच विद्यापीठातली, रिचर्ड सटन यांच्याकडे झालेली. आणि चिनूकच्या निबंधातले दुसरे एक सहलेखक नील बर्च यांचे नाव जानेवारी २०१५ मध्ये ‘सायन्स’मध्येच आलेल्या आणखी एका निबंधावर आहे. मायकल बोलिंग यांच्या नेतृत्वाखालील अल्बर्टाच्या गटाने त्यात दोन खेळाडूंच्या, पैजेवर मर्यादा असलेल्या पोकरची उकल मांडली. पोकरमध्ये समोरच्याची पाने दिसत नाहीत, त्यामुळे चेकर्सची उलटी मोजणी तिथे चालत नाही, आणि त्या गटाने आपल्या निष्कर्षालाही ‘जवळजवळ सुटलेला’ असे जपून शब्द वापरले: माणसाने आयुष्यभर खेळूनही ज्या उणिवेचा फायदा घेता येणार नाही इतकी लहान उणीव शिल्लक आहे, आणि ती किती लहान आहे हे मोजून सांगितलेले आहे.